कोपर

“रोज सकाळी एक गोळी स्वल्पविराम जेवणाआधी स्वल्पविराम पाण्याबरोबर घ्यावी पूर्णविराम आणि ती खिडकी लावून घ्या हो, तिला गार लागतंय,” असं ती वाचून गेली आणि त्याच सुरात पुढच्या परिच्छेदाला लागली. समोर बसलेल्या मास्तरांची पेन्सिल छापील कागदावर अडली. त्यांनी ओळीखालून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, आणि चष्म्यावरून बघत अगदी गंभीरपणे विचारलं, “खिडकी मूळ प्रतीत आहे का गं?” खोलीला खिडकी एकच, आणि ती सकाळपासून बंदच होती. ती हसली. मास्तरही हसले. हसता हसता तिचं लक्ष गेलं, तर हातातला कागद घसरून मांडीवर आला होता, म्हणजे शेवटची ओळ तिने कागदावरून वाचलीच नव्हती. भर दुपारी, पाठ ताठ ठेवून, डोळे उघडे ठेवून ती झोपली होती, आणि तोंड मात्र मालकाने सोडून दिलेल्या गाडीसारखं एकटंच पुढे निघालं होतं. कुणाला गार लागत होतं, ते तिला आठवेना.

औषधाच्या खोक्यात घड्या घालघालून कोंबलेला एक पातळ कागद असतो, जो घरी गेल्यावर सगळ्यात आधी केरात जातो, तो छापणाऱ्या छापखान्यात ही दोघं कामाला होती. कंपनीकडून आलेला मूळ मजकूर तिने मोठ्याने वाचायचा आणि मास्तरांनी छापलेल्या नमुन्यावर तो ताडून बघायचा, अशी रीत. स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणायचा, कंस उघडला की उघडला म्हणायचं, बंद केला की बंद म्हणायचं. इतकी वर्षं हे केल्यामुळे तिला बाकीच्या जगातली माणसं विरामचिन्हं गिळून बोलतात असं वाटायला लागलं होतं. दिवसभर आवाज चालू असतो म्हणून छापखान्यात तिला सगळे रेडिओ म्हणत. मास्तर तर मास्तरही नव्हते. आयुष्यात शाळेत गेले ते विद्यार्थी म्हणूनच, तेही रडतखडत. पण चष्म्यावरून बघायची त्यांची तऱ्हा अशी, की समोरच्याने न सांगता हात पुढे करावा. या दोघांचं काम एका साध्या गोष्टीवर चालायचं. वाचणाऱ्याने कागदावर आहे तेच वाचायचं, आणि ऐकणाऱ्याने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. तिचा आवाज म्हणजे मूळ प्रत. त्या दुपारी मास्तरांनी खिडकीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या एखाद्याने चहाबरोबर सगळ्या मजल्यावर वाटली असती. त्यांनी खिशातून पेपरमिंट काढून तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “चघळ. तोंड कामात असलं की डोळे मिटत नाहीत.” तिला त्या क्षणी त्या गोळीचं जे वाटलं, ते कुणी मोठं बक्षीस दिल्यावरही वाटलं नसतं.

थकवा असा कुठून येतो, याचा तिने पुष्कळ विचार केला होता. वय म्हणावं तर तिच्याहून मोठ्या बायका जिने चढून वर टुणटुणीत उभ्या असत. काम म्हणावं तर बसून वाचण्यात कसले कष्ट. रात्री पाठ टेकली की झोप लागायची, अगदी कुंभकर्णाला लाजवेल अशी, आणि सकाळी उठावं तर रात्रभर पोती वाहिल्यासारखं अंग. डोक्यात एक ठणका, तोंडाला कोरड. झोपून दमणारी बाई जगात आपण एकटीच, असं तिला वाटे. आणि यावर कडी म्हणजे ते घोरणं. ते तिला ठाऊकच नव्हतं म्हणा ना. नणंद चार दिवस राहायला आली होती आणि पहिल्याच सकाळी तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं, “वहिनी, रात्री तुझ्या खोलीत कोण कपाट सरकवत होतं गं?” तिला खरंच कळलं नाही. “कपाट? नाही बाई.” “मग दादाने खोलीत रणगाडा ठेवलाय का? तुला लोक रेडिओ म्हणतात ते दिवसा. रात्री काय म्हणतात विचारून ये.” नणंदेच्या मनात काही वाईट नव्हतं. ती स्वतःच्या लग्नातही स्वतःवर विनोद करून मोकळी झालेली बाई. पण हिला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पुरुष घोरला तर घर हसतं. बाई घोरली तर घर ऐकून न ऐकल्यासारखं करतं, आणि ते जास्त लागतं. तिने चोरून नवऱ्याकडे पाहिलं. तो पावाचा तुकडा चहात बुडवत होता. तो हसला नाही, बहिणीला त्याने गप्पही बसवलं नाही, नुसतं म्हणाला, “चालायचंच.”

आणि तेव्हा तिला कोपर आठवलं. नवरा पलंगावर भिंतीच्या बाजूला झोपायचा आणि रात्रीतून कधीतरी, कधीतरी म्हणजे पुष्कळदा, त्याचं कोपर तिच्या बरगडीत बसायचं. जोरात नाही, पण चुकून लागल्यासारखंही नाही. ती दचकून अर्धवट जागी व्हायची, “हं” म्हणायची आणि पुन्हा बुडायची. इतकी वर्षं ती धरून चालली होती की त्याला हातपाय झाडत झोपायची खोड आहे. आता नणंदेच्या त्या कपाटाने सगळा उलगडा केला. तो तिला गप्प करत होता! बिचारा काही बोलला नाही, बोलणाऱ्यातला नाहीच तो. सायकली दुरुस्त करणारा माणूस; चाक वाकडं आहे हे सांगण्यापेक्षा चाक सरळ करून देतो. पण रात्रीमागून रात्र त्याच्या झोपेचं खोबरं होत होतं, आणि ती आपली “हं” म्हणून कूस बदलत होती. लाज वाटली, तसा थोडा रागही आला. सांगता नसतं आलं का? बरगडीपेक्षा कान जवळ होता. पण राग तिच्यात फार टिकत नसे. तिने ठरवलं, हे घोरणं आपलं आपण बंद करायचं, कुणाला कळू न देता, घरातली पाल बाहेर घालवावी तसं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एक गल्ल्यावरचा मनुष्य होता, जो प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्या घरच्याला देतो तसं औषध देई. तिने अगदी हळू आवाजात, “घरातल्या एका माणसासाठी हवंय,” असं म्हटलं. त्यानेही तितक्याच हळू आवाजात, “त्या माणसाचं नाक लहान की मोठं?” असं विचारून तिच्या नाकाकडे पाहिलं. मग नाकावर आडवी चिकटवायची पट्टी आली. ती लावून आरशात पाहिलं तर नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं होतं. पट्टी सकाळी उशीच्या अभ्र्याला चिकटलेली सापडली, एकदा नवऱ्याच्या दंडाला. मग घशात मारायचा फवारा आला, पेपरमिंटचाच. तो मारल्यावर ती झोपेत खोकली, आणि खोकला घोरण्यापेक्षा बरा की वाईट ते कुणाला विचारणार. मग करंगळीत घालायची एक अंगठी, जिच्यामुळे शरीरातली कुठलीशी शीर दाबली जाते म्हणे. करंगळी सुजली. मग हनुवटी वर बांधून ठेवणारा पट्टा, तो बांधून झोपायला गेली तेव्हा नवरा म्हणाला, “दात दुखतोय का?” आणि तिने मान हलवली, कारण पट्ट्यात बोलताच येत नव्हतं. मग गरम पाण्यात मऊ करून दातांत धरायचा एक साचा, मग मानेखाली खळगा असलेली उशी. कुठेतरी वाचून तिने झग्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू घातला, म्हणजे उताणं झोपता येऊ नये. चेंडूने इमानाने काम केलं, रात्रभर तीच चेंडूवरून इकडून तिकडे होत राहिली. प्रत्येक वेळी गल्ल्यावरचा मनुष्य विचारी, “काय म्हणतं तुमचं माणूस?” आणि ती म्हणे, “थोडा फरक आहे.” फरक खरंच असे. पट्टी लावलेल्या रात्री नाकाने श्वास मोकळा येई. पट्टा बांधलेल्या सकाळी तोंडाला कोरड नसे. दर वेळी दोन दिवस तिला वाटे, सापडलं. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कागद पुन्हा मांडीवर घसरे. पण त्या माणसाबद्दल तिच्या मनात कधी कडवटपणा आला नाही. त्याने विकलं ते खोटं नव्हतं, आणि तिची लाज त्याने दर वेळी खोक्याबरोबर कागदात गुंडाळून दिली होती.

या पट्ट्या नि फवारे सांभाळताना आईची आठवण मध्येच येऊन बसायची. आई घोरायची. लहानपणी ती आईच्या कुशीत झोपायची आणि तो आवाज तिला आवाज वाटायचाच नाही. आई घोरतेय म्हणजे दार लावलेलं आहे, शेगडी विझवलेली आहे, सगळं जागच्या जागी आहे. मधूनच आई थांबायची. मग ती छोटी मुलगी अंधारात डोळे उघडून वाट बघायची. एखादी गाडी वळणावर दिसेनाशी व्हावी आणि मग पुन्हा दिसावी, तसा आईचा श्वास एकदम मोठा आवाज करत परत यायचा, आणि मुलगी झोपून जायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. म्हातारपणी आई तिच्याचकडे, बाहेरच्या खोलीत झोपायची, आणि एका सकाळी उठली नाही. शांत चेहरा, अंगावरचं पांघरूण सरळ. भेटायला आलेली माणसं म्हणाली, भाग्यवान, झोपेत गेली. तीही म्हणाली होती, भाग्यवान. नवरा तेवढा काही म्हणाला नव्हता. तो किती तरी वेळ त्या रिकाम्या पलंगाच्या कठड्यावर हात ठेवून उभा होता, आणि तिला तेव्हा वाटलं होतं, सासूवर एवढा जीव असणारा जावई विरळा.

सगळे उपाय करून झाल्यावर तिने शेवटचा उपाय केला, तो दुकानात मिळत नव्हता. तिने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत, आईच्या पलंगावर टाकलं. “कशाला?” नवऱ्याने विचारलं. “तुमची झोप मोडते.” “माझी कुठे मोडते.” “मला माहीत आहे सगळं. कोपर मारून मारून तुमचा हात दुखायला लागला असेल.” हे म्हणताना तिचा सूर नको तितका तिखट झाला. तो दारात उभा राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, “इथे वारा येतो.” “येऊ दे.” भांडण म्हणावं तर एवढंच. पहिल्या रात्री तिला मोकळं वाटलं. बरगडीला कुणी हात लावला नाही, कुणाचं देणं उरलं नाही. सकाळी बघते तर नवरा पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला, वर्तमानपत्र मांडीवर, पाय लांब पसरलेले. पहाटे उठून वाचायला बसले असतील नि लागला असेल डोळा, असं तिने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी तर पेपर कालचाच होता. तिने त्याचाही मनाशी काहीतरी अर्थ लावला. माणूस एकदा ओशाळला की त्याला सगळ्या गोष्टींचे अर्थ स्वतःच्या अपराधापाशीच येऊन लागतात, दुसरीकडे बघायला सवडच होत नाही.

छापखान्यात मात्र आता हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. रक्तदाबाच्या गोळीचा कागद त्यांनी वाचून, ताडून, सही करून खाली यंत्राकडे पाठवला. मास्तरांच्या मनात कसली पाल चुकचुकली कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मूळ प्रत मागवली आणि नमुन्याशी स्वतःच्या डोळ्यांनी लावून बघितली. एक अख्खी ओळ नमुन्यातून गळली होती. गरोदर बायकांनी ही गोळी घेऊ नये, एवढीच ओळ. अक्षरजुळणी करणाऱ्याकडून गळली हे खरं, पण असं गळलेलं पकडण्यासाठीच तर ही दोघं पगार घेत होती. तिने वाचताना ती ओळ म्हटलीच नव्हती. ती ओळ आली तेव्हा ती तिथे नव्हती. आवाज एका पूर्णविरामावरून उडी मारून पुढच्या वाक्यावर उतरला होता आणि मास्तर त्याच्यामागून डोळे मिटून गेले होते. यंत्र थांबवलं. छापलेला गठ्ठा फाडायला गेला. मास्तरांनी वर जाऊन सांगितलं, चूक आमच्या दोघांची. मग खाली येऊन दार लावलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. कुणीतरी एक बाई, पोटुशी, तिला कधी न दिसणारी, खोक्यातला कागद उलगडून वाचणारी लाखातली एक, तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

“मास्तर, मी हे काम सोडते.”

“सोडशील. आधी सांग, तुला होतंय काय?”

मग तिने सांगितलं. थकवा, ठणका, कपाट, कोपर, सगळं. पिशवीत त्या दिवशी नव्या प्रकारच्या पट्ट्यांचं खोकं होतं, तेही काढून समोर ठेवलं. मास्तरांनी खोकं उघडून आतला कागद उलगडला. सवयीचा परिणाम, त्यावर तिने पेन्सिलने एक खूण केलेली होती. “हे काय?” “तिथे स्वल्पविराम राहिलाय,” ती म्हणाली, आणि एवढ्या दुःखातही तिच्या आवाजात किंचित अभिमान आला. “सगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांत हेच वाक्य असतं, आणि यांनीच स्वल्पविराम खाल्लाय.” मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “वाक्य वाच.” “वाचलंय मी.” “मला ऐकव.” तिने वाचलं. झोपेत श्वास मध्येच थांबत असेल दिवसा अनावर झोप येत असेल किंवा सकाळी डोकं दुखत असेल तर ही पट्टी हा त्यावर उपाय नाही; डॉक्टरांना दाखवावे. वाचून तिने मान वर केली. “बघा, थांबत असेल नंतर हवा होता.” “अगं बाई,” मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिने इतक्या वर्षांत ऐकला नव्हता तसा मऊ झाला, “मी तुला स्वल्पविराम विचारत नाहीये. हे कुणाबद्दल लिहिलंय ते विचारतोय.” तिने ते पुन्हा वाचलं. या वेळी मनात, विरामचिन्हांशिवाय. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं मास्तर काहीसं पुटपुटत होते. तिला ते लांबून ऐकू येत होतं. दर खोक्यात हे वाक्य होतं. दर वेळी तिने ते वाचलं होतं, तपासलं होतं, बरोबर आहे म्हणून घडी घालून ठेवून दिलं होतं. दिवसभर जगाला सावध करणारी वाक्यं वाचणाऱ्या बाईला एकदाही वाटलं नव्हतं की यातलं एखादं आपल्याला उद्देशून असेल.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि हसतमुख. त्यांनी पिशवीतून निघालेलं सगळं सामान टेबलावर ओळीने मांडू दिलं, अंगठीपासून चेंडूपर्यंत, आणि हसल्या नाहीत. “यातलं वाईट काही नाही,” त्या म्हणाल्या. “नाक चोंदलं असेल तर पट्टीने बरं वाटतं. पण तुमची वाट नाकात बंद होत नसावी, घशात होत असावी. झोप लागली की घसा सैल पडून मिटतो. हवा आत जात नाही, मग मेंदू तुम्हाला हलवून जागं करतो, आणि तुम्हाला ते कळतसुद्धा नाही. रात्रभर हेच. म्हणून झोपून उठल्यावर दमलेल्या असता. नक्की काय ते तपासणीत कळेल.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. तो खुर्चीच्या कडेवर, वंगणाने काळी झालेली नखं मुठीत लपवून बसला होता. “तुम्ही यांच्याजवळ झोपता ना? श्वास मध्येच थांबतो का यांचा?”

“थांबतो,” तो म्हणाला.

तिने वळून पाहिलं.

“किती वेळ थांबतो?”

“ते मोजत नाही मी. मोजायला लागलो की माझंच काळीज थांबतं. मी आपलं कोपर मारतो.”

“मग?”

“मग ती हं म्हणते नि चालू होते. चालू झाली की मी पण पडतो जरा. पुन्हा थांबली की पुन्हा.” त्याने घसा साफ केला. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. “आता ती बाहेर झोपते. तिथे पलंग एकट्याचाच आहे. मग मी खुर्ची टाकतो. कोपर पोचत नाही, पण पाय पोचतो.”

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. “आणि घोरण्याचा त्रास?”

“घोरण्याचा कसला त्रास,” तो म्हणाला. “घोरते तोवर बरं असतं हो. तेवढ्यात मला झोप लागते.”

तिला त्यापुढचं काही नीट ऐकू आलं नाही. तपासणीसाठी एक रात्र दवाखान्यात झोपावं लागेल, अंगाला तारा लावतील, मग रात्रभर हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मुखवट्याचं यंत्र, रोज लावायचं, चेहऱ्याला बरोबर बसेपर्यंत थोडे दिवस त्रास होईल, हे सगळं त्या सांगत होत्या आणि ती मान हलवत होती. तिच्या आत सगळी वर्षं एकदम वेगळ्या बाजूवर वळत होती. प्रत्येक रात्र, प्रत्येक धक्का, प्रत्येक “हं”. ते “हं” म्हणजे झोपेतली नुसती कुरकुर, असं ती समजत होती. तो ते उत्तर समजत होता. त्याने बरगडीत विचारायचं, आहेस का, आणि तिने म्हणायचं, हं. बाहेर जिन्यावर आल्यावर तिने त्याचा हात धरून थांबवलं. लोक येत-जात होते. “मला का नाही सांगितलंत?” तिने विचारलं. तो कठड्याकडे बघत राहिला. “आई गेल्या त्या दिवशी सांगणार होतो. त्यांचाही श्वास असाच थांबायचा. तू म्हणालीस, भाग्यवान. मग कसं सांगणार?” मग तोच पुढे म्हणाला, “सांगितलं असतं तर तू झोपलीच नसतीस. भीतीने टक्क जागी राहिली असतीस रात्र रात्र. म्हटलं, एकाने जागं राहिलं की भागतंय. मी आहे ना.” तो चुकला होता, हे तिला कळत होतं. मूर्खासारखा, भयंकर चुकला होता. एखाद्या रात्री त्याला गाढ झोप लागली असती तर? या आजाराचं नाव केव्हाच कळायला हवं होतं. ती त्याला हे सगळं बोलणार होती, पुढे बोललीही, यथास्थित बोलली. पण तिथे जिन्यावर तिला फक्त एवढंच वाटलं की या माणसाने आपल्याला रोज रात्री पुन्हा पुन्हा माघारी आणलं आणि सकाळी चहा पिताना त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

तपासणीत डॉक्टरीणबाईंचं खरं ठरलं. यंत्र आलं. मुखवटा पहिल्या दिवसांत गालावर रुतला, कडेने हवा फुसफुसली, नणंदेला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, वैमानिक झालीस की गं!” आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. अंथरूण पुन्हा आतल्या खोलीत गेलं. एका सकाळी ती उठली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटून तशीच बसून राहिली. डोकं दुखत नव्हतं. तोंड कोरडं नव्हतं. उजेडाला धार आली होती, कपाटाच्या कडा, खुर्चीचे पाय, पाण्याचा पेला, सगळं कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून ठेवल्यासारखं. आपण दमलेलो नाही आहोत, हे ओळखायलाच तिला वेळ लागला, इतक्या वर्षांत भेट नसलेल्या नातेवाइकाला ओळखायला लागतो तसा. छापखान्यात तिला त्या दिवशी सुट्टी होती. आणि मग तिने पाहिलं की ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलं आहे आणि नवरा अजून झोपलेला आहे.

असं कधी झालं नव्हतं. त्याचं सायकलीचं दुकान उघडल्यावर मगच गल्ली जागी होते असं लोक म्हणत. तो कुशीवर पडला होता, तोंड किंचित उघडं, कपाळावर एक आठी नाही. ती वाकून बघायला लागली. श्वास आत गेला. बाहेर आला. मग काहीच नाही. तिचा हात पुढे गेला, आणि त्याने शांतपणे पुढचा श्वास घेतला. दोन श्वासांमध्ये असते तेवढीच जागा होती ती, सगळ्यांच्याच असते. पण तेवढ्यात तिच्या तळहातांना घाम फुटला होता. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली, आवाज न करता, कारण तो झोपला होता. आपण एकटीच दमलेली बाई असं ती म्हणत होती इतकी वर्षं. या घरात दमलेली माणसं दोन होती.

फोन वाजला तसा तिने झडप घालून उचलला. पाववाला होता, त्याची सायकल दुकानात होती, चाक बदलायला टाकलेली, आणि पाव घेऊन तो बंद दारासमोर उभा होता. “वहिनी, दुकान बंद कसं? तब्येत बरी आहे ना त्यांची?”

“बरी आहे. झोपलेत.”

“झोपलेत?” ते गावाला गेलेत की उडून गेलेत असं काहीसं ऐकल्यासारखं त्याने विचारलं. “मग जरा उठवता का? माझी सायकल तेवढी...”

तिने दारातून आत पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “उठवणार नाही. थांबा तिथेच, मी किल्ली घेऊन येते.”

तिने दार अगदी हळू ओढून घेतलं आणि रस्त्याला लागली. सायकल देऊन टाकली, पाववाला गेला, पण ती परत फिरली नाही. दुकानाचं दार तिने पूर्ण उघडलं, नवऱ्याचं स्टूल ओढून उंबऱ्याशी आणलं आणि बसली. हवा भरायला आलेल्या एका बाईने तिच्याकडे नि आतल्या हत्यारांकडे आळीपाळीने पाहिलं. “आज तुम्ही? तुम्हाला येतं का यातलं काही?”

“छे हो,” ती म्हणाली. “पंक्चरसुद्धा काढता येत नाही मला. पण बसता येतं. ते उठेपर्यंत मी बसणार आहे.”